पळीभर तीर्थ

"काका, हा गिया-बारे सिंड्रोम आहे," असं डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा मी खाटेवर बसून स्वतःच्या पावलांकडे बघत होतो. पावलं माझीच होती, पण कोणीतरी सांभाळायला ठेवून गेल्यासारखी वाटत होती.

जीबीएस म्हणतात त्याला. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या नसांवर उलटते. आधी पायांना मुंग्या येतात, मग जिना चढवत नाही, मग अशक्तपणा हळूहळू वर सरकतो. मुंग्या आल्या तेव्हा मी नव्या चपलांना शिव्या घातल्या. तुम्ही तसं करू नका. पाय दगा द्यायला लागले की आधी दवाखाना गाठा, चपला मागाहून बदला.

कसब्यात आमचं चष्म्याचं दुकान आहे. दुकानात एकाही देवाचा फोटो नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं की मी सांगतो, "देव आला तर त्याचाही नंबर काढून देईन." माझी बायको सुनंदा मात्र कोपऱ्यावरच्या गणपतीला गेल्याशिवाय चहाला हात लावत नाही. लग्नापासून आमचा हा एकच वाद. मी म्हणायचो, देव मानणारी माणसं चांगली वागत असती तर देवळाबाहेरून चपला चोरीला गेल्या नसत्या. ती म्हणायची, देवाची भीती आहे म्हणून एवढ्याच जातात.

नसांना बारीक झटके देऊन तपासणी झाली. मणक्यातून सुई घालून पाणी काढलं. मग इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं, म्हणजे इतरांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं शिरेतून सोडायची. देणारे देव मानत होते की नाही, ते काही बाटलीवर छापलेलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस एकमेकांत विरघळले. बाटलीतून थेंब पडायचा आणि मला तांबट आळीतली हातोडी ऐकू यायची. छताकडे बघता बघता छत हलायला लागायचं, आणि मी पाठीवर पडून कुठल्याशा संथ पाण्यावरून जातोय असं वाटायचं. गंमत म्हणजे भीती वाटत नव्हती. तहान मात्र फार लागायची, कारण तोवर गिळणं गेलं होतं.

"तोंडाने काहीही द्यायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. "गिळण्याचे स्नायू झोपलेत. घोट श्वासनळीत जाईल." नाकातून पोटात नळी घातली होती, राईल्स ट्यूब. जेवण त्यातून. आवाजही गेला होता. ऐकू मात्र सगळं यायचं.

एका दुपारी सुनंदा भेटायला आली. माझे फुटलेले ओठ तिने बघितले. तिने पर्समधून होमिओपॅथीच्या गोळ्यांची जुनी बाटली काढली. त्यात अभिषेकाचं तीर्थ होतं. "अहो, एवढंच. देवाचं आहे, बाधायचं नाही," असं म्हणून तिने ते ओठांवर सोडलं.

खरं सांगतो, मान हलली असती तरी मी नको म्हटलं नसतं. तुळशीचा वास आला, गार वाटलं. मी लहान झालो आहे, नदीच्या पायरीवर पालथा पडून पाणी पितो आहे, असं काहीतरी दिसलं. आणि पाणी आडवाटेला गेलं.

खोकायलाही जोर लागतो हो. माझ्याकडे तो नव्हता. नुसती घरघर सुरू झाली. तेवढ्यात आमचा मुलगा निखिल आत आला आणि बाटली बघून काय ते समजला. "आई, तू काही सांगू नकोस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आजारामुळेच होतंय असं वाटेल डॉक्टरांना. मी सिस्टरला बोलावतो, तू गप्प राहा. नाहीतर परत आत सोडणार नाहीत तुला."

निखिल माझ्याच तालमीतला. देवधर्म काही नाही. वाईट मुलगा नाही, आईला वाचवत होता. मी मात्र खाटेवर बुडत होतो, आणि आता काय होणार ते सगळं सुनंदाच्या एका वाक्यावर होतं.

ती दाराकडे धावली. "सिस्टर, लवकर या! ह्यांना मी तीर्थ पाजलं! मीच पाजलं!" अख्ख्या वॉर्डाने ऐकलं.

नळी घालून घशातलं, छातीतलं पाणी ओढून काढलं. तरी संध्याकाळी ताप चढलाच. अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसात नको ते गेल्याने होणारा संसर्ग. मला व्हेंटिलेटरवर ठेवलं. डॉक्टरबाई सुनंदाला फाडफाड बोलल्या. मग म्हणाल्या, "काकू, सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर आजारच छातीपर्यंत चढला असं आम्ही धरलं असतं, आणि इकडे उशीर झाला असता."

व्हेंटिलेटरवर असताना माझ्या स्वप्नात देव दुकानात आला. साधाच होता, पिशवी घेऊन आलेला. मी त्याला खुर्चीत बसवलं. विचारलं, "तीर्थ दिलं ते तुझ्यापायी. मग कबूल केलं तेही तुझ्यापायीच का?" तो समोरच्या पाटीकडे डोळे बारीक करून बघत राहिला. "खालची ओळ धूसर दिसते," म्हणाला. मी भिंगं बदलत राहिलो.

गिळणं परत आलं, नळ्या एकेक करून निघाल्या. फिजिओथेरपीत मी बोटं हलवायला शिकलो, बसायला शिकलो, वॉकर धरून उभा राहिलो. मला कुशीवर वळवणाऱ्या, पुसणाऱ्या प्रत्येक हाताचा मी ऋणी आहे. घरी आल्यावर एकदा सुनंदाला विचारलंच. "त्या दिवशी खरं सांगितलंस ते देवाला घाबरून ना?"

ती कोथिंबीर निवडत होती. हात थांबला. "देव?" ती म्हणाली. "अहो, तेव्हा देव आठवलाच नाही. तुमचे ओठ काळेनिळे पडलेले दिसले, बस." मग हळूच म्हणाली, "खरंच आठवला नाही हो मला." आणि तिचा चेहरा असा उतरला, की मला स्वतःचाच राग आला.

वाद मी जिंकलो होतो म्हणे. पण देव तर निखिललाही आठवला नव्हता, आणि तो लपवायला निघाला होता. आता कोणी विचारलं की देव मानल्याने माणूस चांगला वागतो का, तर मला काही सांगता येत नाही. आजाऱ्याजवळ बसणाऱ्यांना एवढंच सांगेन, की चूक झाली तर ओरडून सांगा. मान जाईल, माणूस राहील.

मी घरी आल्यापासून सुनंदा देवळातून आली की तीर्थाचं भांडं घेऊन माझ्यासमोरून गुपचूप आत जायची. त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला हाक मारली आणि उजवा हात पुढे केला. मी मानत नाही, अजूनही नाही. तिने डोळे मोठे केले, मग जेमतेम अर्धी पळी तीर्थ घेऊन तळव्यावर सोडलं. मी प्यायलो.

देव्हाऱ्याकडे तिने बघितलंही नाही. वाकून माझ्या गळ्याकडे बघत होती.

"गिळलंत?"

"गिळलं."

"तोंड उघडा बघू," ती म्हणाली.