गिटारवाल्याच्या नावाची अंघोळ

बीडजवळच्या वडवणीत येऊन मला बरीच वर्षं झाली, तरी घरून फोन आला की अजून मी हातातलं काम टाकून उठतो. घर म्हणजे चंद्रपूरच्या पलीकडचं गाव. इथून निघालं की एस.टी., रेल्वे, परत एस.टी. असं करत पोचायला दुसरा दिवस उजाडतो. बाबांना लकवा मारल्यापासून तर अवेळी फोन वाजला की नाव बघायच्या आधीच मी मनात पिशवी भरायला लागतो. शाळा आठवीत सोडली, ओळखीच्या एकाच्या मागे इकडे आलो आणि मंडप-स्पीकरच्या दुकानात लागलो. मालकांनी काम शिकवलं. त्यांच्या बहिणीनं आपल्या अंगणातली खोली राहायला दिली. त्यांना मी मावशी म्हणतो. या दोघांनी मला ठेवून घेतलं म्हणून मी उभा आहे, एवढं मला नक्की कळतं. बाकी पुष्कळ गोष्टी कळत नाहीत. त्या दिवशी मी नेमका कुणासाठी रडलो, हेही नाही.

दुरुस्त झालेला स्पीकर तपासायला आम्ही नेहमी एकच भजन लावायचो. एकदा मी कंटाळून फोनला नुसतं ‘गिटार’ म्हणालो, तर कुठल्या तरी परदेशातल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लागला. एक उंच, वाळके, सावळे म्हातारबाबा. डोक्याला टोपी आणि पंगतीत वाढणाऱ्याच्या खांद्यावर असतो तसा खांद्यावर टॉवेल. त्यांनी एक सूर छेडला आणि थांबले. इतके थांबले, की वायर निघाली समजून माझा हात स्पीकरच्या मागे गेला. मी वायर हलवतोय तोवर दुसरा सूर आला. वायर ठीक होती.

त्यानंतर मी त्यांचेच कार्यक्रम बघायला लागलो. या वाजवण्याला ब्लूज म्हणतात, एवढं फोननं सांगितलं. पुढचं इंग्रजी माझ्या आवाक्याबाहेरचं. पण एकच गाणं ते दर कार्यक्रमात वेगळं वाजवायचे. एका ठिकाणी जिथे थांबले, तिथेच दुसऱ्या ठिकाणी धावत सुटायचे. एकदा तार तुटली तर तिच्याकडे बघून हसले आणि उरलेल्या तारांवर गाणं तडीस नेलं. आमच्याकडे कीर्तनात महाराज थांबले की टाळकरी लगेच उचलून धरतात, ती जागा मोकळी राहू देत नाहीत. इथे कुणीच काही उचलत नव्हतं. एवढी माणसं, आणि सगळी नुसती वाट बघत बसलेली. मला ते ऐकताना भीती वाटायची आणि बरंही वाटायचं. दोन्ही एकदम कसं वाटतं, हे मी कुणाला विचारणार?

मालकांनी एकदा विचारलं, “काय म्हणतंय हे?”

“कुणीतरी सोडून गेलंय, असं वाटतं.”

“मग हसतंय कावून?”

मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

फोन व्हिडिओ पुढे-मागे कसेही दाखवायचा. काल केस पिकलेले, आज काळेभोर, उद्या पुन्हा हातात काठी. त्यामुळे या माणसाला शेवट असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शेजारच्या खोलीत बीडला क्लासला जाणारा एक जण राहायचा. एकदा माझी सुट्टी होती, तेव्हा दुपारी मी त्याला म्हणालो, व्हिडिओखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचून दाखव. त्यानं अंगठ्यानं वर सरकवत वाचलं आणि म्हणाला, “हे तर वारले की बे. लई दिवस झाले.”

“काल तर वाजवत होते.”

“काल तू बघितलंस. ते कवाच गेलते.”

मी उठून अंगणातल्या हौदाशी गेलो आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. लांबच्या माणसाचं उशिरा कळलं तर कळल्या क्षणी अंघोळ करायची, असं आमच्या घरी आजी करायची. ते आपल्या माणसासाठी असतं, हेही मला ठाऊक होतं. हात थांबला नाही, एवढंच.

मावशी दारात आल्या. भरदुपारी कपड्यांसकट भिजलेला माणूस बघितला आणि तोंडाला पदर लावून त्या मटकन खाली बसल्या. “गेले का रं बाबा तुझे?”

“न्हाई मावशी, बाबा न्हाईत. एक गिटारवाले...”

“बरळाय लागलं लेकरू,” त्या शेजारणीला म्हणाल्या.

मी जेवढं समजावून सांगत होतो, तेवढ्याच त्या दोघी जास्त रडत होत्या. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली. ज्याच्या घरी मयत झालंय त्यानं चूल पेटवायची नसते, शेजाऱ्यांनी घास द्यायचा असतो. मालक दुकान बंद करून आले. “गाडी काढतो. पार घरापर्यंत सोडतो तुला,” म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

“आधी घरी फोन लावतो, म्हणजे तुमची खात्री होईल,” मी म्हणालो.

बाबांचा फोन लागला नाही. बंद. आईचा बंद, काकांचा नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. मघापर्यंत मी एकटाच शहाणा होतो. आता मलाही वाटायला लागलं, यांना काहीतरी आधी कळलेलं असेल. हात उगाच हौदाकडे कशाला जाईल? पाणी मी त्या परदेशी माणसासाठी ओतलं, की आतून काही कळलं होतं म्हणून? ओल्या कपड्यांत मी खरंच रडायला लागलो. मालकांनी खांद्यावर हात ठेवला. गाडी दारात येऊन थांबली. मी पिशवीत शर्ट कोंबत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

बाबाच होते. लकव्यानं बोलणं अडखळतं त्यांचं. “लाईन नोहोती. चार्जिंग... संपलं. काहून एवढे फोन करून राहिला?”

मावशींनी फोन ओढून कानाला लावला, आवाज ऐकला आणि तो परत माझ्या हातात कोंबत माझ्या पाठीत धपाटा घातला. “मुडद्या, जीव काढलास की!”

“मुडदा? कोण मेलं तिकडं?” बाबा विचारत होते.

“एक गिटार वाजवणारे.”

“तुझे कोण होते?”

“कोणी नाही, बाबा.”

“लेकरं होती का त्यायले?”

“माहीत नाही.”

हसावं की रागवावं, हे अंगणात कुणालाच ठरवता येईना. मावशींनी मात्र झटकन ताट माझ्यापुढून उचललं. बाप जिवंत असताना असलं अन्न खाणं अशुभ. मग ताट हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. “पर तो माणूस मेलाय ना खरंच?”

“मेलेत.”

“मंग त्याच्याच नावानं खा. बापाचं नाव मनात आणायचं न्हाई.”

मी बसलो. भाकरी गार झाली होती, पिठलं तिखट होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कशाचं, देव जाणे. बाबा आहेत म्हणून छाती हलकी झाली होती, आणि हलकी झाली याची त्या टोपीवाल्या बाबांसमोर लाजही वाटत होती. दोन घास झाले की मावशी म्हणायच्या, “लाव पुन्हा बापाला फोन.”

मी लावायचो.

“आता काय?” बाबा विचारायचे.

“काही नाही. जेवतोय.”