एकेका महिन्याची वर्गणी

कॅप्टनला जीपीएस घ्यायचंय, हे ऐकल्यावर मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला.

"कोणासाठी, भाऊजी?"

"माझ्यासाठी. इथे दुसरं कोण उडवतंय?"

मेकॅनिक म्हणजे कॅप्टनच्या बायकोचा धाकटा भाऊ. तिघांचा मिळून एकच धंदा होता. कॅप्टन विमान उडवायचा, मेव्हणा ते दुरुस्त करायचा आणि बायको फोन घेण्यापासून इंधन मागवण्यापर्यंत बाकीचं सगळं बघायची. विमानही एकच, एका इंजिनाचं, चार माणसांचं. डोंगरापलीकडे वस्त्या विखुरलेल्या होत्या. तिथे जायला रस्ता होता, पण निम्मं वर्ष तो नुसता नावाला. त्यामुळे औषधं, टपाल, पंपाचे सुटे भाग, बदली झालेला मास्तर, पोट धरून गडाबडा लोळणारा पेशंट, सगळं कॅप्टनच्या विमानातून जायचं-यायचं. 'कॅप्टन' ही पदवी त्याला कोणी दिली नव्हती. वस्त्यांवरची पोरं तशी हाक मारायला लागली आणि ती चिकटली.

रस्ता विचारणं हे या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. विमानात पूर्वी बसवलेलं, दिशा दाखवणारं एक यंत्र होतं. ते बंद पडलं तेव्हा त्याने ते काढून टाकलं आणि रिकाम्या खाचेत चष्म्याची डबी ठेवायला सुरुवात केली. मांडीवर कागदी नकाशा असायचा, तोही बहुतेक वेळा घडी न मोडता. नदीचं वळण, दोन कमानींचा पूल, डोंगरावरचा खाणीचा पांढरा ओरखडा, एवढ्यावर त्याचं भागायचं. मेव्हण्याने जीपीएसचं नाव काढलं की म्हणायचा, "रस्ता चुकलात म्हणून सांगायला घरात बायको आहे. आणखी एक कशाला?"

तोच माणूस आता आपण होऊन यंत्र मागत होता. उशिरा का होईना शहाणपण सुचलं, असं म्हणून मेकॅनिक खुशीत त्या कामाला लागला.

शहरात विमानाच्या सामानाचं एक दुकान होतं. दुकानदाराने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. पहिलं यंत्र मुठीत मावणारं, बटणांचं. दुसरं मोठ्या पडद्याचं, बोटाने चालणारं, समोर डोंगर आला तर पडदा लाल करून ओरडणारं. तिसरं म्हणजे साधा टॅबलेट, त्यात अ‍ॅप आणि सोबत काडेपेटीएवढा रिसीव्हर.

"कायमचं बसवायचं यंत्र घेतलंत तर परवानग्या आणि तपासण्या, तोवर विमान शेडमध्ये," दुकानदार म्हणाला. "त्यापेक्षा हे काचेला चिकटवा आणि निघा. किंमत एकदाच मोजायची."

"आणि पुढे?" मेकॅनिकने विचारलं.

"पुढे वर्गणी."

ती त्याने समजावून सांगितली. कुठे नवा मनोरा उभा राहतो, कुठे धावपट्टी बंद होते, म्हणून नकाशे दर चार आठवड्यांनी नवे निघतात. त्यांची वर्गणी. उपग्रहावरून हवामान हवं असेल तर त्याची वेगळी. हातातल्या यंत्रांची वर्गणी थांबवली तर ती निदान जुना नकाशा तरी दाखवत राहतात. टॅबलेटवरचं अ‍ॅप मात्र वर्गणी संपली की तोंड फिरवतं.

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," मेकॅनिक म्हणाला.

"पण मसाला दर महिन्याला ताजा!" दुकानदार हसला.

कॅप्टन हसला नाही. तो मोठ्या पडद्याचं यंत्र हातात उलटसुलट करून बघत होता. "हे लक्षात ठेवतं का?" त्याने विचारलं.

"काय?"

"म्हणजे... आपण कुठे निघालोय ते."

"तुम्ही एकदा घातलंत की ठेवतं," दुकानदार म्हणाला. त्याला प्रश्न जरा विचित्र वाटला असावा.

ओळखीवर त्याने तिन्ही यंत्रं चाचणीसाठी दिली. मेकॅनिक शेजारच्या सीटवर बसून एकेकाची परीक्षा घेऊ लागला. टॅबलेट उन्हात काचेजवळ असा तापला की 'थंड होऊ द्या' असा निरोप देऊन काळा पडला. मुठीतल्या यंत्राची अक्षरं कॅप्टनच्या चष्म्याला दाद देईनात. मोठ्या पडद्याच्या यंत्राची काचेला चिकटणारी रबरी वाटी एका हिसक्यासरशी सुटली आणि यंत्र मेकॅनिकच्या मांडीवर आपटलं. पण बाकी सगळ्यात तेच उजवं ठरलं.

परत येताना मेकॅनिक यंत्र नीट बसवायला म्हणून ते बंद करून खाली वाकला. तेवढ्यात कॅप्टन म्हणाला, "हा कुठला पूल रे?"

खाली नदी होती आणि नदीवर दोन कमानींचा पूल.

"आता मलाच विचारा," मेकॅनिक हसत म्हणाला आणि वर बघतो तो कॅप्टनचा चेहरा पांढरा पडलेला. तो खाली बघत होता ते एखाद्या परक्या मुलखाकडे बघावं तसं. क्षणभराने त्याने मान हलवली. "हां, हां. दोन कमानींचा," असं म्हणून तो उगाचच मोठ्या आवाजात इंधनाच्या भावाबद्दल बोलायला लागला.

विमान शेडमध्ये लावल्यावर मेकॅनिक थेट बहिणीकडे गेला. ऑफिस म्हणजे शेडला लागूनची एक खोली. एक टेबल, दोन फोन, भिंतीला इंधनाच्या कंपनीचं घड्याळ. त्याने झालं ते सांगितलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"परवा स्वयंपाकघरात उभे राहून मला विचारत होते, कप कुठे ठेवतेस," ती म्हणाली. "मी म्हटलं, थकले असतील."

"ताई, थकलेला माणूस पूल विसरत नाही गं."

"म्हणूनच यंत्र घेतायत ना? यंत्र कशासाठी असतं मग?" ती एकदम चिडून म्हणाली. खरं तर मेकॅनिकलाही तेच हवं होतं. डोळ्यांना चष्मा लागतो तसंच हे, एवढीच गोष्ट असावी, असं दोघांनाही मनापासून वाटत होतं.

मोठ्या पडद्याचं यंत्र घ्यायचं ठरलं. प्रश्न उरला तो वर्गणीचा, आणि तिथेच सगळं बाहेर आलं.

"तीन वर्षांची एकदम भरली तर खूप स्वस्त पडते," बायको सकाळी ऑफिसात म्हणाली. "तीच भरते."

"नको. एकेका महिन्याची भर."

"महिन्याचा दर बघितलात का? जवळजवळ दुप्पट जातील."

"जाऊ देत."

"अहो, आयुष्यभर खिळ्यामोळ्याचा भाव करणारे तुम्ही, आणि आज..."

ती बोलता बोलता थांबली. कॅप्टन खिडकीतून धावपट्टीकडे बघत होता. तिने हातातला मोबाइल टेबलावर उलटा ठेवला.

"तुम्हाला अजून किती उडायचंय?" तिने हळू विचारलं.

तेव्हा तो बोलला. काही दिवसांपूर्वी परतायला उशीर झाला होता, समोरून वारा होता असं त्याने घरी सांगितलं होतं. वारा नव्हताच. हवा स्वच्छ होती. दरीवर असताना एकाएकी खालचं काहीच ओळखीचं वाटेना. डोंगर दिसत होते, नदी दिसत होती, पण आपण त्यांच्या कुठल्या बाजूला आहोत हेच कळेना. तो घिरट्या घालत राहिला. मग नदी धरली, तीही उलट्या दिशेला. बऱ्याच वेळाने पडदा बाजूला व्हावा तसं सगळं जागेवर आलं. उतरला तेव्हा टाकीत तळाशी इंधन होतं.

"मागे कोणी बसलं होतं?"

"नाही. टपालाची पोती होती."

"डॉक्टरकडे जाऊ."

"डॉक्टर एक ओळ लिहील आणि माझा परवाना जाईल. त्याचं मला एक वेळ काही नाही. पण पलीकडच्या लोकांनी काय करायचं? दुसरा वैमानिक मिळू दे, मी त्याच दिवशी उतरतो. तोवर हे यंत्र आहे."

तिला पटत नव्हतं, पण रोज फोन तीच घेत होती. फोनवरचे आवाज तिला माहीत होते. तिने एका महिन्याची वर्गणी भरली आणि लगेच दुसऱ्या वैमानिकासाठी ओळखीपाळखीत विचारायला सुरुवात केली. छोट्या धंद्यात, असल्या पगारावर, लवकर कोणी यायला तयार होईना. महिना संपला. तिने पुन्हा एका महिन्याची भरली.

यंत्राने कामही चोख केलं. पडद्यावरची मार्गाची गुलाबी रेघ समोर असली की कॅप्टनचे खांदे सैल व्हायचे. मेकॅनिकला तर वाटायला लागलं की आपण उगाच राईचा पर्वत केला.

मग एके दुपारी खाणीवरून फोन आला. एका कामगाराचा पाय दगडाखाली चेंगरला होता. विमान ताबडतोब हवं होतं. दवाखान्यातून नर्स आली, ती भागात नवीनच होती. कॅप्टन लगबगीने बसला. यंत्र सुरू केलं. पडद्यावर अलीकडच्या ठिकाणांची नावं आली आणि त्याने सगळ्यात वरच्या नावाला बोट लावलं. ते नाव आदल्या दिवशीच्या वस्तीचं होतं.

रेघ उमटली. तो रेघेवरून सरळ गेला. खाणीचा पांढरा ओरखडा उजव्या हाताला मागे पडला, त्याच्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. यंत्र सांगत होतं ना, मग बाहेर बघायचं कशाला?

धावपट्टीवर उतरल्यावर तो दार उघडून धावला. समोर वस्तीचा मास्तर उभा होता.

"काय हो कॅप्टन, कालच तर येऊन गेलात! आज काय आणलंत?"

"पेशंट कुठाय?"

"कुठला पेशंट?"

कॅप्टनने चहूकडे बघितलं. शाळेची भिंत, पाण्याची टाकी, मास्तर. मागे नर्स पेटी हातात घेऊन उभी होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो वळला, विमानात बसला आणि खाणीकडे निघाला. या वेळी त्याने यंत्राकडे बघितलं नाही.

खाणीवर लोकांनी जखमीला एका उखडून काढलेल्या दारावर झोपवून धावपट्टीच्या कडेला आणून ठेवलं होतं. त्याच्यावर ऊन येऊ नये म्हणून चौघे जण चादर धरून उभे होते. किती वेळ उभे होते कोणास ठाऊक, त्यांचे हात थरथरत होते. मुकादम म्हणाला, "डोंगरावर ढग लागले असतील ना?"

"हं," कॅप्टन म्हणाला.

पेशंट शहरातल्या इस्पितळात पोचला. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

घरी आल्यावर कॅप्टनने बूटही काढले नाहीत. खुर्चीवर बसून बायकोला म्हणाला, "यंत्राने रस्ता बरोबर दाखवला गं. कुठे जायचं ते मीच चुकीचं सांगितलं." मग म्हणाला, "डॉक्टरची वेळ घे."

डॉक्टरने तपासण्या केल्या, चित्रं काढायला लावली, शब्द उलटे म्हणायला लावले. आजाराचं नाव सांगितलं आणि तो बरा होणारा नाही हेही सांगितलं. परवाना गेला. विमान बरेच दिवस शेडमध्ये उभं राहिलं आणि ते सगळे दिवस फोन वाजत राहिला. बायको प्रत्येकाला "विमान नाही" म्हणून सांगायची आणि ऐकून घ्यायची. शेवटी एक तरुण मुलगी यायला तयार झाली. नवीन होती, पण सावध होती. निघण्याआधी ठिकाणाचं नाव मोठ्याने वाचायची.

कॅप्टन शेडमध्ये येऊन बसायचा. काही दिवस तो पूर्वीसारखा असे, काही दिवस त्याला मेव्हण्याचं नावही जुळवून आणावं लागे. एका चांगल्या दिवशी तो म्हणाला, "मला त्याच्याकडे घेऊन चल. अजून सांगता येतंय तोवर."

कोणाकडे, हे मेकॅनिकने विचारलं नाही. कामगार इस्पितळातून सुटून शहरात बहिणीकडे राहत होता. एका अरुंद जिन्यावरची दोन खोल्यांची जागा. बहिणीने दार उघडलं. तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता.

कॅप्टन उभ्याउभ्याच म्हणाला, "त्या दिवशी ढग नव्हते. मी चुकीच्या ठिकाणी उतरलो. माझं डोकं चालत नाही, ते मला माहीत होतं, तरी मी उडालो."

बहिणीने दाराची कडी घट्ट धरली होती.

"डॉक्टर म्हणाले, लवकर आलो असतो तरी पाय गेलाच असता," कामगार म्हणाला.

"नक्की म्हणाले?"

त्याने जरा विचार केला. "बहुतेक म्हणाले."

कॅप्टनने मान खाली घातली. कामगाराने विचारलं, "आता कोण उडवतं?"

"एक मुलगी आहे."

"चांगली आहे?"

"चांगली आहे. माझ्यापेक्षा जास्त बाहेर बघते."

"बसा," कामगार म्हणाला.

कॅप्टन बसला, मेकॅनिकही बसला. बहिणीने पाणी विचारलं नाही. उठायलाही सांगितलं नाही.