झुंबरबाईंचा घसा

"अमरसिंह हरवायचा न्हाय," असे हातकणंगल्याजवळच्या त्या गल्लीतले शेजारी म्हणत. "झुंबरबाईनं एक हाक मारली, की टेसनावर असलं तरी पोरगं घरला येतंय."

आईची ती हाक ऐकत अमरसिंह मोठा झाला. लग्नांचे व्हिडिओ काढता काढता तो कोल्हापुरात चित्रीकरण होणाऱ्या एका मालिकेत सहायक म्हणून शिरला. पुढे दिग्दर्शक, आणि अखेर स्वतःच्या दोन मालिकांचा निर्माता झाला. वाहिनीच्या बैठकांत त्याची मराठी इतकी घोटीव असे, की तो कुठल्या गावचा हे कुणाला ओळखता येत नसे. मी त्याचा संवादलेखक. माझी बोलीही मी अशीच गावाकडे ठेवून आलो होतो. त्यामुळे आमचे जमले.

पाच वर्षांपूर्वी त्याने पहिला चित्रपट केला. त्यात नवरीच्या पाठवणीला आलेल्या शेजारणीचे एक लहानसे दृश्य होते. चित्रीकरण त्याच्याच गल्लीत होते आणि ठरलेली अभिनेत्री आलीच नाही. झुंबरबाई सगळ्यांना ताक देत फिरत होत्या; त्यांनाच उभे केले. माझा कागद त्यांनी पाहिलाही नाही. नवरीचा हात धरून म्हणाल्या, "जा बाई. रडू आलं तर मागं बघ, मी हितंच उभी हाय." ध्वनिमुद्रकाने कानांवरचे हेडफोन काढले आणि तो नुसताच ऐकत राहिला.

डबिंगच्या वेळी मात्र तेच वाक्य पुन्हा ऐकताना अमरसिंह अस्वस्थ झाला. "पुण्या-मुंबईत हसतील रे," तो म्हणाला. मी मान डोलावली. 'हाय'चे 'आहे' मीच केले. दुसऱ्या एका कलावतीने ते वाक्य गोड, नितळ आवाजात म्हटले. झुंबरबाईंना कळवायचे राहून गेले, असे आम्ही नंतर म्हणत असू. खरे तर ते धाडस दोघांनाही झाले नाही.

पहिल्या खेळाला त्या सगळी गल्ली टेम्पोत घालून इचलकरंजीला आल्या. पडद्यावर त्यांचा चेहरा दिसताच शिट्ट्या वाजल्या. मग त्या चेहऱ्याने तोंड उघडले आणि कुणी परकीच बाई बोलली. शिट्ट्या थांबल्या. शेजारचे केरबाकाका अंधारातच म्हणाले, "झुंबरवैनी, ही कोण बोलाय लागलीया तुमच्या तोंडातनं?"

झुंबरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "माझा घसा बसलता तवा. म्हणून पोरानं दुसरी बलावली."

त्यांच्या मागच्याच रांगेत अमरसिंह होता आणि त्याच्या शेजारी मी. आम्ही पडद्याकडे बघत राहिलो.

गल्लीला ते वाक्य पुरले. "वैनी, घसा उघडला का?" असे येता-जाता विचारले जाई, आणि त्या हसून "उघडला की" म्हणत. पण अमरसिंह घरी असला की त्या हळू बोलू लागल्या. दारातून हाक मारणे त्यांनी सोडले. जेवायला बोलवायचे तर आत येऊन त्याच्या खांद्याला हात लावत. हे त्यानेच मला सांगितले.

गेल्या महिन्यात गल्लीने तालमीसमोर मांडव घालून त्याचा सत्कार केला. केरबाकाकांनी माइक हातात घेतला. "दिग्दर्शकसाहेब, तुमच्या आईसाठनं खडीसाखर आणलीया. पाच वर्सं झाली, घसा अजून बसल्यालाच हाय म्हणं!"

मांडवात हशा उसळला. पहिल्या रांगेतून उठत झुंबरबाई सवयीने म्हणू लागल्या, "बसलता की वो, तवा थंडी..."

अमरसिंहने माइक ओढून घेतला. बैठकांतली ती घोटीव मराठी त्या दिवशी त्याच्या तोंडात आलीच नाही.

"आई, तू बस खाली. केरबाकाका, घसा धडधाकट हुता तिचा. मला तिच्या बोलण्याची लाज वाटली, म्हणून मी दुसऱ्या बाईचा आवाज घातला."