एका गोलावर टांगलेली मिशी

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. कापसाच्या बाजारातून नुसतं चालत गेलं तरी अंगरख्याला कापूस चिकटतो ना, तसे ते चिकटतात. घरी येऊन झटकावं तर आणखी दोन निघतात!

माझ्या अंगाला चिकटलेले बहुतेक किस्से एकाच हंगामातले आहेत. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडच्या कापसासाठी हपापल्या होत्या, अन् इकडं अमरावतीत बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. त्या वर्षी मी आमच्या शाळेच्या फुटबॉल टीमचा मास्तर होतो. हो, फुटबॉलच! आत्ताच हसू नका. हसायचं सगळं पुढं आहे.

*

शाळेत मी कसरत शिकवायचो. फुटबॉलचा अन् माझा काही संबंध नव्हता. बडनेऱ्याकडं रेल्वेचं काम चाललं होतं, तिथल्या एका इंजिनिअर साहेबानं शाळेला चामड्याचा बॉल भेट दिला. हेडमास्तरांनी तो टेबलावर ठेवला, चारी बाजूंनी निरखला, अन् मला बोलावून घेतलं.

"तुमच्या पोटऱ्या दणकट आहेत. हा खेळ तुमच्याकडे!"

झाली नेमणूक!

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आला अन् कारकुनामार्फत खेळ समजावून गेला. दोन बांबू मैदानाच्या या टोकाला, दोन त्या टोकाला. समोरच्यांच्या बांबूंमधून बॉल पलीकडं गेला की गोल. बॉल पायानंच मारायचा, हात अजिबात लावायचा नाही.

मग किसना उभा राहिला. हा वलगावच्या एका शेतकऱ्याचा पोरगा, पायाला भिंगरी, पुढं आमचा कॅप्टन झाला.

"मास्तर, मंग हात घरी ठेवून याचं का?"

कारकुनानं हे साहेबाला सांगितलं नाही. मीही आग्रह धरला नाही.

*

तसाच एक बॉल अकोल्याच्या शाळेलाही मिळाला होता. अन् तिथल्या टीमचा मास्तर कोण? माझा साळा, महादू! बायकोचा धाकटा भाऊ. दसऱ्याला बहिणीकडं जेवायला आला अन् पुरणपोळीवर तूप ओढता ओढता मला डिवचू लागला.

"भाऊजी, तुमच्या पोरायले बॉल म्हंजे टरबूज वाटून राह्यलं. म्या आयकलं, उचलून घरी नेते म्हने!"

"तू तुझं पाहा."

"जिंकाचं सोडा. होळीपर्यंत एक गोल करून दाखवा. एक!"

आता मी तालमीत वाढलेला माणूस, त्यात बायको वाढत होती, ती गालात हसली. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "एक? एक गोल नाही झाला तर ही मिशी उतरवीन!"

ही मिशी म्हणजे अशी तशी नव्हती. तिला रोज तूप लागायचं. दोन्ही टोकांवर लिंबू ठेवलं असतं तर राहिलं असतं.

आमच्याकडं बाप गेल्याशिवाय कोणी मिशी उतरवत नाही. माझ्या शेजारीच बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"काहून रे," ते म्हणाले, "मी जिता हाओ ना अजून?"

त्या दिवसापासून आमच्या टीमची सगळ्यात जास्त काळजी कोणाला असेल तर ती बाबांना. मी मैदानावरून घरी आलो की ओसरीवरूनच विचारायचे, "झाला का गोल?" नाही म्हटलं की दिवसभर माझ्याशी बोलायचे नाहीत!

*

मला स्वतःला एकच खेळ येत होता, आट्यापाट्या. मग मी पोरांना तोच शिकवला अन् मध्ये बॉल ठेवला!

आट्यापाट्यांत मैदानावर आडव्या पाट्या आखतात. प्रत्येक पाटीवर एक गडी हात पसरून पहारा देतो. समोरच्या गड्यांनी त्याला हूल देऊन सगळ्या पाट्या ओलांडायच्या, पार टोकाला जायचं अन् तसंच परत घरी यायचं. हे परत येणं म्हणजे लोण. लोण घरी आलं की डाव पुरा. मी पोरांना रोज ओरडून सांगायचो, "नुसतं जाणारे गावोगाव सापडतात, लोण आणणारा एखादाच!" किसना लोण आणण्यात इतका पटाईत की मला त्याला मिठी मारून पाठ थोपटावीशी वाटायची. थोपटायचोही.

पहिली मॅच रेल्वेच्या कारकुनांशी. साहेबानं रुमाल हलवला, खेळ सुरू झाला. आमची पोरं आपापल्या पाटीवर जाऊन हात पसरून उभी राहिली. पाट्या आखलेल्या नव्हत्या, तरी! कारकून बॉल घेऊन शेजारून निघून जात होते. गोलावर गोल! मी काठावरून किंचाळलो, "किसना, धाव ना! बॉलमागं धाव!"

किसना जागेवरूनच ओरडला, "मास्तर, माही पाटी कोन सांभाळीन? तुमी?"

*

दिवाळीच्या आधी साहेबाचा बॉल फुटला. आत कुठल्याशा जनावराचा फुगा होता, तो गेला. मोच्याला दाखवलं. तो म्हणाला, "आतमंदी काहीतरी भरा लागते. कापूस भरू?"

कापूस! त्या वर्षी! लोक गादीतला कापूस काढून बाजारात नेत होते. पण हेडमास्तरांनी मन मोठं केलं अन् उत्तम कापूस ठासून बॉल शिवून घेतला. मात्र माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. बॉल रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जमा करायचा, असा हुकूम निघाला.

बाळापूरच्या पोरांशी मॅच ठरली. बैलगाडीनं गेलो, थाटात बॉल मैदानात ठेवला. किसनानं पहिली लाथ मारली अन् बॉल जागच्या जागी पसरला, पोळीसारखा! दुसऱ्यानं मारली, तर पायालाच गुंडाळला. बाळापूरची पोरं पोट धरून हसत होती. त्या मॅचमध्ये कोणाचाच गोल झाला नाही. होणार कसा? बॉल सरकेल तर ना!

परत आल्यावर मी तणतणत हेडमास्तरांच्या घरी गेलो. ते स्वतः बॉल दाबून पाहू लागले. तेवढ्यात त्यांच्या सौभाग्यवती बाहेर आल्या. शिवणीच्या फटीतून रोज चिमूटभर कापूस ओढून त्यांनी कार्तिकभर तुळशीपुढं वाती लावल्या होत्या.

हेडमास्तरांचा चेहरा पडला. बाईंचा मात्र जरासुद्धा नाही.

"शाळेचाच बॉल आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग शाळेलाच पुण्य लागेल!"

पुण्य लागलं असेल. गोल काही लागला नाही.

*

मग वेचणी आली अन् माझी टीमच गेली! कापूस फुटून शेतं पांढरी झालेली, त्यात भाव असा की म्हातारेकोतारेसुद्धा ओटी बांधून शेतात. मैदानावर मी, गोलवर उभा राहणारा गुलाब अन् एक चुकलेली बकरी, एवढेच उरलो. गुलाब घरचा देशमुख, त्याला वेचायला कोण पाठवणार?

होळी जवळ येऊ लागली. बाबांनी आता बोलणं पार टाकलं होतं. शेवटी मी वलगावला किसनाच्या शेतात जाऊन उभा राहिलो. त्याचा बाप कमरेला ओटी बांधून वेचत होता. मी हात जोडले.

"पाटील, माझी लाज तुमच्या पोराच्या हातात आहे."

तो वेचता वेचता थांबला. "मास्तर, हा खेळ हातानं खेळते का पायानं?"

"पायानं."

"हाताले काही काम नाई?"

"काही नाही. हात लावायचाच नाही."

त्यानं हातातला कापूस ओटीत टाकला. "मंग असं करा," तो म्हणाला, "पाय तुमी घ्या, हात आमचे!"

अन् खरोखरच तसं झालं. सकाळी पोरं वेचायला, दिवस कलला की मैदानावर. कापसाच्या टोकदार बोंडांनी बोटं ओरबाडलेली, पण पाय ताजेतवाने! त्या पोरांवर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

*

शेवटची मॅच होळीच्या आदल्या दिवशी, अकोल्याशी, आमच्याच मैदानावर. सबंध हंगामात आमचा एकही गोल झाला नव्हता. महादू आपली टीम घेऊन आला, अन् सोबत अकोल्याहून न्हावीही घेऊन आला! तो न्हावी धोकटी मांडीवर घेऊन काठावर बसला. त्याच्या शेजारी मुद्दाम बाबा जाऊन बसले, अन् आपण जिते आहोत हे सगळ्यांना कळावं म्हणून मोठमोठ्यानं खोकत राहिले.

बॉल नवा होता. या खेपेला हेडमास्तर रात्री तो उशाशी घेऊन झोपले होते. पंच म्हणून इंजिनिअर साहेब उभा होता.

खेळ रंगला. अकोल्याचा गोल गुलाबनं दोनदा अडवला, एकदा तर पोटानं. आमचाही होत नव्हता. ऊन उतरलं. न्हाव्यानं वाटीत पाणी ओतलं. माझा हात मिशीवर गेला.

अन् तेवढ्यात बॉल किसनाकडं आला!

त्यानं पहिल्याला डावी हूल दिली, दुसऱ्याला उजवी. तिसरा बसकण मारून बसला. आट्यापाट्यांचा गडी तो, त्याला कोण धरणार? दोन बांबू, मधून बॉल, पलीकडं!

गोल! मी नाचलो. हेडमास्तर नाचले. बाबांनी न्हाव्याला मिठी मारली. मी महादूपुढं जाऊन मिशीला असा पीळ दिला, असा पीळ दिला की डोळ्यांत पाणी आलं!

पण महादू माझ्याकडं पाहतच नव्हता. तो मैदानाकडं पाहत होता.

किसना थांबलाच नव्हता. बांबूंपलीकडं जाऊन त्यानं बॉल वळवला अन् तसाच परत निघाला. अकोल्याची पोरं तोंड वासून बाजूला झाली. आमची पोरं तर दोन्हीकडून वाट करून देत होती अन् गळा फाडून ओरडत होती, "लोण! लोण! लोण!" साहेबाच्या तोंडातली चिरूट खाली पडली. मी ओरडलो, "अरे थांब!" पण त्या गलक्यात ऐकतं कोण? गुलाबनं, त्या देशमुखाच्या पोरानं, अदबीनं एक पाऊल सरकून जागा दिली, अन् किसनानं बॉल आमच्याच बांबूंमधून आत नेऊन ठेवला!

मग धापा टाकत माझ्याकडं आला. तोंडभर हसू. "मास्तर, आनलं लोण! झाला डाव पुरा!"

मी त्याची पाठ थोपटली.

साहेबानं खाली पडलेली चिरूट उचलली. मग त्यानं एक बोट आमच्याकडं केलं अन् एक बोट अकोल्याकडं. एकास एक.

महादू माझ्याजवळ आला. "भाऊजी, गोल झाला, मान्य. पन गेला तसा वापस आला! उतरवा मिशी!"

"वापस आला, पण आधी झाला ना?"

"झाला, पन राह्यला कुठी?"

"साहेबानं मोजला की!"

"दोन्हीकडं मोजला!"

बाबा उठून उभे राहिले. "मी जिता हाओ!"

आमची जुंपली ती जुंपलीच. हेडमास्तर मध्ये पडले, साहेब कारकुनाला काही विचारू लागला, पोरं किसनाला खांद्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या घालत होती. न्हाव्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वस्तरा पट्ट्यावर दोनदा ओढला, ओली बोटं माझ्या ओठावर आणली अन् अगदी नम्रपणे विचारलं,

"मंग मास्तर, कोनत्या बाजूची काढू?"