पाटावरचा कॉम्प्युटर

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवसाची दुपार, वर्ध्याजवळची आमची नालवाडी... आणि भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर सुधाकर, अनवाणी पळत आले. त्या उन्हात चप्पल विसरलेला माणूस पाहूनच मी ओळखलं, काहीतरी मोठं बिनसलंय.

साल सत्त्याऐंशी असेल, नाहीतर अठ्ठ्याऐंशी. भाऊजींचा टायपिंगचा क्लास होता. आता कॉम्प्युटर शिकवायचा म्हणून सहातली चार टायपिंग मशीनं काढून टाकून त्यांनी नागपूरहून कंपनीचा तयार कॉम्प्युटर आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन, पोरापोरींची नावं लिहून झालेली...

आणि तो बंद पडला होता.

आता एक सांगते, कोणाला खरं वाटत नाही. त्या वेळी माझाही एक कॉम्प्युटर होता... घरी जोडलेला.

आमच्या ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळता गुंडाळता मी सोल्डरिंग शिकले. शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळे इंग्रजी मासिकातले सर्किटचे नकाशे डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचे. तीन वर्षं एकेक भाग जमवला. खोकं काही मिळेना, म्हणून सगळं जेवायच्या पाटावर स्क्रूने बसवलं. आठच दिवसांपूर्वी त्याच्या लाल आकड्यांवर एकोणीसचा पाढा उमटला होता... पदर डोळ्यांना लावून बसले होते मी त्याच्यापुढे.

भाऊजींनी मात्र त्याची मनसोक्त थट्टा केली होती. "वहिनी, पाटावर बसवलाच हाय, त आता त्याले ताटबी वाढा."

तेच भाऊजी आता म्हणत होते, चला वहिनी, लवकर चला.

क्लासात पाऊल टाकलं आणि मी थक्क झाले. कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं, मशीन थंड ठेवा. आता आपल्याकडे वैशाखात मानाच्या पाहुण्याला कुठे बसवतात? कूलरच्या पुढ्यात... भाऊजींनी अगदी प्रेमाने, सकाळपासून, भिजलेल्या खसाचा कूलर त्या कॉम्प्युटरच्या थेट तोंडावर सोडला होता. बटणांवर हात ठेवला तर बोटं ओली झाली.

नागपूरला फोन लावून झाला होता. माणूस आठवड्याने येणार, आणि कोणी सील तोडलं तर गॅरंटी गेली. सोबत आलेले आमचे हे म्हणाले, उघडू नको, बिघाड तुझ्या नावावर येईल. त्यांचंही काही चूक नव्हतं.

भाऊजी खुर्चीत मटकन बसले. मान वर न करता म्हणाले, "खोला वहिनी. उद्या लोकाईले काय तोंड दाखवू मी?"

मी सील तोडलं... झाकण उचललं... आणि बघतच राहिले.

अर्धं खोकं रिकामं! मला वाटलं होतं, कंपनीचा माल, आत काहीतरी आपल्याला न समजणारं असेल. आणि आत बघते तर ओळखीचीच मंडळी. मधल्या मोठ्या चिपच्या पाठीवर तर तोच नंबर, जो माझ्या पाटावर होता... तीच चिप, एका आकड्याचाही फरक नाही. त्या कंपनीत माझ्यासारखंच कोणीतरी बसून हे जोडत असणार, हा विचार तोवर कधी मनाला शिवलाच नव्हता.

बोर्ड काढून गच्चीवर सावलीत ठेवला. वैशाखातल्या झळांनी तो तासा-दोन तासांत पापडासारखा सुकवला. पण चालू केलं तरी पडदा म्हणून जोडलेल्या टीव्हीवर नुसत्या रेघा. एकेका चिपवर बोट ठेवत गेले... बाकीच्या कोमट, आणि तीच मोठी चिप अशी तापलेली की बोटाला चटका बसला.

ती जळली होती. तशीच दुसरी अख्ख्या वर्ध्यात कुठे असेल, तर ती माझ्या घरी, पाटावर.

खरं सांगते, पाय उचलेना. तीन वर्षांचं काम, आणि चालू होऊन आठ दिवस. शिवाय आत दुसरा काही दोष लपलेला असला तर माझीही जळणार. भाऊजींनी मागितली नाही. त्यांना माहीतच नव्हतं की ती माझ्याकडे आहे... ह्यांना होतं. हे माझ्याकडे बघत होते.

मी घरी गेले. सुरीच्या टोकाने, चिपचा एकही धातूचा पाय न वाकवता, ती पाटावरून उचलली.

दिवेलागणीला ती कंपनीच्या मशीनमध्ये बसवली आणि बटण दाबलं. रेघा आल्या, गेल्या... पडदा पांढरा झाला आणि कोपऱ्यात एक छोटासा चौकोन लुकलुकायला लागला. भाऊजी लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. चिप कुठून आणली, ते ह्यांनीच त्यांना सांगितलं.

घरी येऊन मी पाटावर फडकं टाकलं. एकोणीसचा पाढा आता काही उमटणार नव्हता.

सकाळी क्लासात गेले आणि दारातच थबकले. टेबलावर कंपनीचा कॉम्प्युटर, आणि त्याच्या शेजारी माझा पाट... पहाटे ह्यांच्याकडून गुपचूप मागून नेलेला. गुरुजींनी हळद-कुंकू कंपनीच्या मशीनकडे नेलं, तसा भाऊजींनी त्यांचा हात धरला.

"पहिले याले लावा गुरुजी. त्याच्यात जीव याचा हाय."

सगळ्या लोकांसमोर. ज्याची त्यांनी थट्टा केली, त्यालाच पहिलं कुंकू... मी दाराची चौकट धरून उभी होते.

नवीन चिप दिवाळीच्या सुमारास मुंबईहून आली. भाऊजी रुमालात गुंडाळून स्वतः घेऊन आले होते.

परवा नातीने विचारलं, आजी, कॉम्प्युटर तयार घेऊ की पार्ट आणून जोडू? म्हटलं, कोणताही घे बाई, पण एकदा झाकण उघडून आत बघ. तो पाट अजून माझ्या कपाटात आहे. चिपच्या कडेला, लाकडावर, त्या दिवशीच्या कुंकवाचा डाग पडलाय... भाऊजी आता नाहीत. तो डाग मी कधी पुसला नाही.