उपटलेला गहू

लग्न होऊन घनसावंगीला आल्ते तेव्हा, म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपास, मला सगळं येतं अशी माझी समजूत होती. पहिल्याच वर्षी ती खोटी ठरली.

शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे चच्चा अन् त्यांची बायको, जिला आम्ही खाला म्हणायचो, दोघंच राहायचे. चच्चांचे आजोबा इराणातून हैदराबादेत आल्ते. तिकडचा नव्या सालाचा सण, नवरोज, चच्चांनी एकही साल चुकवला नव्हता. दिवस-रात बराबर झाली की साल पलटतं, अन् त्या घटकेला दस्तरखानावर, म्हणजे जेवायला अंथरतात त्या चादरीवर, ताटात उगवलेला हिरवा गहू पाहिजेच, बाकी काही नसलं तरी चालतं, असं त्यांचं म्हणणं. हे मला नंतर कळलं. आधी विचारलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं.

त्या साली गहू पेरून दोन दिवस झाले अन् चच्चांच्या छातीत दुखायला लागलं. खाला त्यांना जालन्याच्या दवाखान्यात घेऊन निघाली. जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला होता. तिनं घाईघाईत किल्ली माझ्या हातात कोंबली.

"बेटी, ताटात रोज पानी शिंपड. ह्यांचा जीव त्याच्यात हाय. नवरोजला आम्ही येतो."

मी इमानानं पाणी शिंपडलं. गहू वीतभर वाढला. नववा दिवस उजाडला तशी मनाशी म्हटलं, आता घट उठवायला पाहिजे. आमच्याकडं नवरात्रात नऊ दिवस झाले की घटातलं धान उपटतात, देवाला वाहतात, पुरुष टोपीत खोवतात, बाया केसांत. दुसऱ्या कुणाची रीत वेगळी असंल, हे डोक्यातच आलं न्हाई. मी सगळा गहू उपटला. थोडा देवाला वाहिला, एक तुरा सासऱ्यांच्या टोपीत खोवला, एक माझ्या अंबाड्यात. उरलेला शेळीपुढं टाकला. ताट राखेनं घासून लख्ख केलं अन् खालाच्या घरात पालथं घालून ठेवलं. स्वतःवर भलतीच खूश होते.

त्याच दुपारी जीप आली. चच्चा निम्मे झाल्ते. दारातूनच त्यांनी विचारलं, "गहू कुठंय?"

"उठवला की, चच्चा. नऊ दिवस झाले."

खाला मटकन खाली बसली. "साल पलटायला अर्धा घंटा राह्यला," एवढंच बोलली. काय केलं ते अजून नीट कळलं नव्हतं, पण फार वाईट केलं एवढं तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तेवढ्यात जीप बघून सासरे आले, टोपीत तुरा तसाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चच्चा त्या टोपीकडं बघत राह्यले. मंग माझ्या अंबाड्याकडं. मला वाटलं, आता शिव्या येणार. आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी खालाला दस्तरखान अंथरायला लावला अन् ताटाच्या जागी आम्हा दोघांना बसवलं. हातात घड्याळ धरून म्हणाले, "दर साली ताटात असायचा. औंदा चालत आला."

घटका भरेस्तोवर मी मान हलवली न्हाई, तुरा पडंल म्हणून.

पुढचा नवरोज बघायला चच्चा राह्यले न्हाईत. खाला म्हणाली, आता कुणासाठी पेरायचं. मंग मीच तिच्या ताटात गहू पेरला, रोज पाणी शिंपडलं. नऊ दिवस झाले, दहा झाले, काडीलाही हात लावला न्हाई. नवरोजला ताट तिच्यापुढं नेऊन ठेवलं. तिनं बराच वेळ बघितलं अन् एकदम मूठभर गहू उपटला.

मी तिचा हात धरला. "खाला, हे काय करून राह्यलीस?"

"सोड," ती म्हणाली, अन् तो तुरा माझ्या अंबाड्यात खोवला. "जाताना सांगून गेलेत, दर साली असंच करायचं म्हणून."