सपाट तळाचा ग्रह

गल्लीत त्यांना कवळीकाका म्हणतात. आजूबाजूच्या दातांच्या दवाखान्यांना लागणाऱ्या कवळ्या काका घरामागच्या खोलीत बनवतात. साच्यात प्लास्टर ओतायचं, ते घट्ट व्हायची वाट पाहायची आणि शेवटी तयार कवळीच्या कडा घासायच्या. कडेला जरा टोक राहिलं की हिरडी सोलते. त्यामुळे टोक दिसलं की घासायचं, ही काकांची जन्माची सवय.

प्लास्टर घट्ट होईपर्यंत काका ग्रह शोधतात.

हे ऐकलं की माणसं वर आकाशाकडे बघतात. काका खाली कॉम्प्युटरकडे बघतात. अवकाशातली एक दुर्बीण दूरदूरच्या ताऱ्यांचा उजेड मोजत असते. एखाद्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला की उजेड किंचित घटतो आणि आलेखात खड्डा पडतो. आलेख इतके झालेत, की शास्त्रज्ञांनी ते जगभरच्या रिकामटेकड्यांना तपासायला दिलेत. 'रिकामटेकडे' हा शब्द काकूंचा. पुढे त्या स्वतःही तपासायला लागल्या.

काकांच्या वाट्याला वर्षानुवर्षं सपाट रेघा आल्या. मग एका दुपारी खड्डा आला. ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येणारा, तळाशी बशीसारखा सपाट. ग्रहाचा खड्डा असाच असतो. काकांनी हात धुतले आणि व्याह्यांना फोन केला.

व्याह्यांनाच का, तर लेकीच्या लग्नात व्याह्यांनी चारचौघांत विचारलं होतं, "तुम्ही नक्की करता काय?" काकांनी सांगितल्यावर ते हसले होते. त्या प्रश्नाला दुसरं काहीतरी उत्तर द्यायचं काकांच्या मनात तेव्हापासून होतं.

"मी ग्रह शोधलाय," काका फोनवर म्हणाले.

"रविवारी येतो बघायला," व्याही म्हणाले. आवाजात आदर होता. काकांनी तो आधी कधी ऐकला नव्हता.

शनिवारी काकूंनी स्टूल ओढून आलेख पाहिला.

"अहो, हा टोकदार आहे."

"सपाट आहे."

"टोकदार आहे. तुम्ही डोळ्यांनी घासताय त्याला."

"कवळी आहे का ती?"

"तेच म्हणतेय मी. आणि हे बघा. एक खड्डा खोल, पुढचा उथळ, परत खोल. दोन तारे आहेत. आळीपाळीनं एकमेकांच्या आड येतात. ग्रहबिग्रह काही नाही."

काकांनी चष्मा पुसला. आलेख मोठा केला. मग स्क्रीनवरून अंगठा फिरवला, कवळीच्या कडेवरून फिरवतात तसा. स्क्रीन गुळगुळीत होता. खड्डा टोकदार होता.

"व्याह्यांना काय सांगू?"

"फोन तुम्ही केलात, तुम्ही बघा. मी मध्ये बोलणार नाही."

रविवारी व्याही कडक इस्त्रीच्या शर्टात आले. मागच्या खोलीत ते आजवर कधी आले नव्हते. फळीवरच्या दातांकडे बघायचं टाळून ते खुर्चीत बसले.

"हाच?"

"हाच."

"वस्ती वगैरे?"

"तसं काही कळत नाही."

"हरकत नाही. सोसायटीत सगळ्यांना सांगितलंय मी. विचारतात, तुमचे व्याही काय करतात? म्हटलं, संशोधक आहेत."

काकू दारात उभ्या होत्या आणि बिजागरीकडे बघत होत्या.

संशोधक. शब्द चांगला होता. काकांनी तो थोडा वेळ खोलीत राहू दिला.

"हा ग्रह नाही," मग ते म्हणाले. "दोन तारे आहेत. हिनं ओळखलं. मला सपाट दिसला, कारण मी कवळ्या करतो."

व्याह्यांनी आलेखावर बोट ठेवलं.

"पण ते दोन तारे तरी तुम्हीच शोधलेत ना?"

"नाही. शास्त्रज्ञांना ते आधीच माहीत होते म्हणे."

"अच्छा." व्याही उठले. "मग आता सोसायटीत काय सांगायचं मी?"

"दात बनवतात म्हणा."

व्याह्यांनी मान हलवली, पण कशाला ते कळलं नाही. चहा न घेताच ते गेले.

काकूंनी दार लावलं.

"मी काही बोलले नसते."

"ठाऊक होतं."

"मग कशाला सांगितलंत? चांगले संशोधक झाला होतात."

"तुझं ते न बोलणं मला जन्मभर ऐकू आलं असतं."

काकूंना हे पटलं.